कृपया जॉइनिंग डेट कळवा

४ ऑगस्ट, सकाळी ७.१०
ही वही कुणासाठी नाही. तरी अक्षर नीट काढायचं. पुढेमागे मुलाखतीत लागली तर.
बी.टेक. सायबर सिक्युरिटी, तिसरं वर्ष सुरू. मागची दोन वर्षं वॉर्म-अप होती. आता रोज पहाटे पाचला उठायचं, चार तास लॅब करायची, डिसेंबरपर्यंत दोन इंटरनॅशनल सर्टिफिकेटं. शिवाय एखाद्या बड्या कंपनीच्या वेबसाइटमधली चूक शोधून त्यांच्याकडून आभाराचं पत्र. आज पाचला उठलो नाही, कारण निर्णयच सातला घेतला.

७ ऑगस्ट
मंजुषा मॅडमनी नोटीस वाचली. सप्टेंबरात लातूरला राज्यस्तरीय स्पर्धा. मुद्दाम कच्ची ठेवलेली सिस्टीम फोडायची आणि आत लपवलेले कोड शोधायचे. एक कोड म्हणजे एक फ्लॅग. तिघांची टीम. पहिल्या तीन टीमना पुण्यात इंटर्नशिप.
आमची टीम झाली: मी, भागवत, आरती. भागवत माझा रूममेट, मुखेडचा. बोलतो कमी, कीबोर्ड बडवतो जास्त. आरती धर्माबादची, वर्गात पहिली. कॅप्टन कोण हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी झालो.

१० ऑगस्ट
पहिली प्रॅक्टिस. त्या दोघांनी पाच फ्लॅग काढले. मी टीमचं नाव ठरवलं आणि लोगो काढला. 'मांजरा वॉरियर्स'. आपली नदी म्हणून. आरती म्हणाली, लोगोवरून नदी आहे की मांजर ते कळत नाही. हिला डिझाइन समजत नाही.

१३ ऑगस्ट
लायब्ररीत बसलो. पंखा कुरकुरतो. कॅन्टीनला गेलो, तिथं गोंगाट. खोलीवर आलो तर भागवत टाइप करून राहिला. पुन्हा लायब्ररी. माझी खुर्ची कुणीतरी घेतलेली. गेटपर्यंत चक्कर मारली. एकूण नऊ हजार पावलं. अभ्यासाला जागा सापडली की निम्मं काम झालं.

१८ ऑगस्ट, सकाळी ११.०४
सिंगापूर.
मेल आली. तिथल्या एका सिक्युरिटी कंपनीच्या नजरेत माझी प्रोफाइल भरली. सहा महिन्यांसाठी निवड. अर्ज न करता. बातमी गोपनीय ठेवा, असंही लिहिलंय. खाली लिंक, तिथं कॉलेजचा आयडी आणि पासवर्ड टाकायचा.
११.०७. टाकला.
११.२०. त्यांनी मागितलं नव्हतं, पण आधार, दहावीची मार्कशीट आणि कोटातला एक फोटो (चुलतभावाच्या लग्नातला) आपणहून पाठवला. पुढाकार दिसतो.

१९ ऑगस्ट
'कृपया जॉइनिंग डेट कळवा' अशी मेल केली. उत्तर नाही. त्यांचं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. कामाची माणसं.

२१ ऑगस्ट
गोपनीय होतं, पण अप्पा-अव्वा घरचेच, आईवडीलच ते. फोन केला. अप्पा निलंग्यात खत-बियाण्यांच्या दुकानात होते. समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवलं. मग विचारलं की विमानानं जावं लागेल का. अव्वानं घरून फोन करून विचारलं, तिकडं शाकाहारी मिळतं का.
संध्याकाळी मलप्पा काकांचा फोन. हे अडत व्यापारी, बाजारपेठेतल्या संघटनेचे अध्यक्ष. म्हणाले, निलंग्याचं नाव काढलंस. म्हणजे अप्पांनी चार जणांना सांगितलं असणार. चारच असतील.

२५ ऑगस्ट
टीम सोडली. कारण सांगितलं नाही, 'काही आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या' एवढंच. भागवतनं विचारलं, पक्कं हाय का? मी हाव म्हणालो. लातूरला अजून अवकाश आहे, विचार कर, म्हणाला. नवख्या मुलांना संधी मिळावी असं मी उत्तर दिलं.
माझ्या जागी मॅडमनी दुसऱ्या वर्षाची सिंधु घेतली. बिचारी. एकदम एवढं ओझं.

२ सप्टेंबर
तिसरी मेल केली. पासपोर्टचा फॉर्म उघडला, अर्धा भरला. क्लासला गेलो नाही, कारण आता त्या सिलॅबसचा मला उपयोग काय. खोलीत बसवत नाही. स्टेशनपर्यंत चालत गेलो, गाड्या पाहिल्या, परत आलो. दर दहा मिनिटांनी मेलबॉक्स. फोनची बॅटरी खराब निघाली, दुपारीच संपते.

७ सप्टेंबर
पाचवी मेल. या वेळी इंग्रजी जरा कडक ठेवलं.

११ सप्टेंबर, लातूर
टीमसोबत मार्गदर्शक म्हणून आलो. गळ्यात बिल्ला नव्हता म्हणून हॉलमध्ये घेतलं नाही. समोरच्या टपरीवर बसलो. चार चहा. काचेतून सिंधु दिसत होती. ओठ चावत बसली होती. घाबरली असणार असं वाटलं.
चार वाजता निकाल. सेहेचाळीस टीममधून दुसरा नंबर. शेवटचा आणि सगळ्यात अवघड फ्लॅग सिंधुनं काढला म्हणे. भागवत आणि आरतीला पुण्याची इंटर्नशिप. सिंधुला पुढच्या वर्षी. भागवत धावत आला, मला मिठी मारली. "तू असतास तर," म्हणाला आणि थांबला. पुढं काय म्हणणार होता कुणास ठाऊक. टीम बांधली कुणी, हेच असेल.
परतीच्या बसमध्ये तिघं गात होते. मी खिडकीशी. मेलबॉक्स रिकामा.

१३ सप्टेंबर, दुपारी
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आधी पाणी दिलं.
"शिवकुमार, ती सिंगापूरची मेल आपल्या डिपार्टमेंटचीच होती."
चाचणी होती. मुलं खोट्या मेलला फसतात का ते बघायला. मजकूर सिंधुनं लिहिलेला, मॅडमनी तपासलेला. तीनशे ऐंशी जणांना गेली. नऊ जणांनी पासवर्ड दिला. चाचणी संपल्यावर मॅडमनी आलेली उत्तरं काल पहिल्यांदा उघडली. त्यात एकाच मुलाच्या पाच मेल.
माझे कागद त्यांनी माझ्यासमोर डिलीट केले. पासवर्ड बदलायला लावला. नाव कुणाला कळणार नाही, म्हणाल्या. हे आणखी कुणाला सांगितलंस का, असं विचारलं. मी नाही म्हणालो.
माझं मत: मेलचा दर्जा फार वरचा होता. आणखी आठ जण होतेच की.

१४ सप्टेंबर
अप्पांना सांगायला फोन केला. तेच आधी बोलले. सतराला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की बाजारपेठेत माझा सत्कार. मंडप ठरला. मी सांगायला लागलो, पण नेटवर्क तुटत होतं.
(पूर्ण रेंज होती.)

१५ सप्टेंबर
पुन्हा फोन. दुकानात गर्दी होती. अशी गोष्ट समोरासमोर सांगितलेली बरी.

१६ सप्टेंबर, निलंगा
दिवसभर एसटी. वाक्यं तयार केली. पोहोचलो तर अव्वानं पुरणपोळी केलेली. अप्पांनी स्वतःला नवा पांढरा शर्ट आणलाय, तो घालून मला दाखवला. जेवताना सांगणार होतो. उद्या सकाळी नक्की.

१७ सप्टेंबर, दुपारी
सकाळी अप्पा लवकर मंडपात गेले.
पन्नासेक माणसं. मी नवं वाक्य ठरवलं होतं: 'तांत्रिक कारणानं जॉइनिंग पुढं गेलंय.' खोटं म्हणता येणार नाही असं वाक्य. मलप्पा काकांनी खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. मग माइक हातातच ठेवून खिशातून एक कागद काढला. त्यांच्या मुलीला, महानंदालाही नोकरीचं पत्र आलंय. ती इथंच बी.कॉम.ला आहे. उद्याच्या गाडीनं सगळी मूळ कागदपत्रं घेऊन एकटीला हैदराबादला बोलावलंय, ऑफिसात नाही, एका लॉजवर.
"तुझ्यावानीच हाय," काका म्हणाले. "मग फिकीर न्हाई ना?"
कागद हातात घेतला. अर्ज न करता निवड. गोपनीय ठेवा. महानंदा बायकांच्या रांगेत बसली होती, माझ्याकडंच बघत होती. पहिल्या खुर्चीवर अप्पा, नव्या शर्टात.
पळत सुटावं वाटलं. मंडपाला मागून दार नव्हतं.
"काका, पाठवू नका. हे खोटं हाय."
"तुझं खरं अन् हिचं खोटं?"
"माझं बी खोटं होतं. मी फसलो."
माइक चालू होता. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा मात्र सगळ्यांनी घेतला.
अप्पांनी गाडीवर घरी आणलं. दारात चप्पल काढताना म्हणाले, "पोरीला अडवलंस, चांगलं केलंस. पण मला का आधी सांगितलं न्हाईस?"
मी रेंजचं सांगायला लागलो. ते आत गेले.

१८ सप्टेंबर, सकाळी
शांतपणे विचार केला. एका मुलीचं आयुष्य वाचलं. कागद हातात घेतल्यापासून एका मिनिटात ओळखलं. हे कुठल्या फ्लॅगपेक्षा कमी नाही. निलंग्यातच सायबर सल्ला केंद्र काढावं. औसा, उदगीर, शाखा वाढवता येतील. कार्डावर नावाखाली काय लिहायचं, तज्ज्ञ की सल्लागार? अंगणात येरझाऱ्या घालून ठरवतोय. अव्वा म्हणाली, एका जागी बस.

१८ सप्टेंबर, संध्याकाळी ५.३०
महानंदाचा फोन आला. आभार मानायला असेल म्हणून गच्चीवर जाऊन घेतला.
तिला पत्र खोटं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कंपनीचं स्पेलिंग चुकीचं होतं. तिनं हैदराबादच्या खऱ्या ऑफिसला फोन करून विचारलं, त्यांनी असं पत्र पाठवलंच नाही म्हणून सांगितलं. वडिलांना तिनं तीनदा समजावलं. काकांनी ऐकलं नाही. का ऐकलं नाही, असं मी विचारलं.
"तुझं खरं निघालं म्हणून," ती म्हणाली. "बसवंतरावाचं पोरगं सायबरचं शिकतंय, त्याला तुझ्यापरीस कळतं, म्हणाले."
ती जाणार नव्हतीच. पण तीन आठवडे घरात रोज भांडण. तेवढं सांगायला फोन केला होता.
काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, याची रीतसर तक्रार करायला हवी, कुठं करतात ते मी बघून सांगतो. ती म्हणाली, मागच्याच सोमवारी केली, १९३० वर.
हा कुणाचा नंबर, असं मी विचारलं.
तिनं नीट समजावून सांगितलं. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा आहे, देशभर एकच.
लिहून घेतला.