बिनबेंबीचे जहाज

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: अकरा मोठी जहाजे, त्यांतली नऊ अजून पाण्यावर आहेत. लहान होड्या धरलेल्या नाहीत. हे राहते घर, खांबांसकट. जिना एकट्याने, एकही लोखंडी खिळा न वापरता. बायकोचा माग. गावच्या मशिदीतले मिंबर, ज्यावरून इमाम प्रवचन देतात. त्याच मशिदीतला जनाजा, ज्यावरून मलाही नेतील. त्याची डावी दांडी जरा जड झाली आहे, त्या बाजूला दमदार माणसे द्यावीत. आणि बारावे जहाज, जे किनाऱ्यावर उभे आहे आणि ज्याला अजून बेंबी पाडलेली नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्याच्यामुळे लिहावे लागत आहे.

मी, बासो दाएंग मांगेम्बा (दाएंग ही आमच्याकडची मानाची हाक), वय चोपन्न, धंदा जहाजबांधणी, गावात मला पुंगावा म्हणजे मुख्य कारागीर म्हणतात, राहणार बोंतो लेम्पे, जिल्हा बुलुकुम्बा, असे लिहून ठेवतो की माझे कमरेखालचे शरीर मेलेले आहे, मूत्रपिंडे मरत आहेत, डोके मात्र जागेवर आहे. शाळेत मी दोनच वर्षे गेलो. पुढचे वाचन सुक्या मासळीच्या पुड्यांच्या वर्तमानपत्रांवर शिकलो. कामगारांच्या अपघाताचा कायदा याच खाटेवर पालथा पडून वाचला, आणि हे पत्रही पालथा पडूनच लिहितो आहे. अक्षर वाकडे दिसले तर तो दोष पाठीचा समजावा, बुद्धीचा नव्हे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट घरातले लिहू नका म्हणतात.

कलम १. माझ्या दफनाचा खर्च आणि दुकानाची उधारी भागल्यावर घर, मागची नारळाची बाग व जी काही शिल्लक असेल ती शरीयतीच्या हिश्शांप्रमाणे माझी पत्नी हालविया आणि मुलगा इर्वान्सा यांना जावी. त्यात मी काही बदल करत नाही, करण्याचा मला अधिकारही नाही. फक्त जिन्याला रंग लावू नये. लाकडाला श्वास लागतो.

कलम २. दफनाआधी एक काम करावयाचे आहे, ते विसरू नये. डॉक्टर दाखल्यावर 'ताप' किंवा 'मूत्रपिंडाचा विकार' लिहून मोकळे होतील. तसे लिहू देऊ नये. 'कामावर झालेल्या पाठीच्या दुखापतीमुळे' असे लिहून घ्यावे, आणि ते लिहीपर्यंत हालवियाने तिथून उठू नये. त्या एका ओळीवर तिची भरपाई उभी आहे. हालविया, तू लाजशील म्हणून आधीच सांगून ठेवतो: बाजारात मासळीवाल्याशी जशी बोलतेस तशी बोल.

कलम ३. अपघात कसा झाला. हे कलम मकास्सरच्या न्यायालयात मोठ्याने वाचले जावे अशी माझी विनंती आहे.

जहाज पर्यटकांच्या सफरींसाठी, शहरातल्या एका कंपनीचे. लाकूड कंपनीचे, साखळ्या कंपनीच्या, कधी यायचे नि कधी जायचे हे ठरवणारा कंपनीचा मुकादम आंदी रुस्ताम. दर शनिवारी तोच नावे पुकारून प्रत्येकाच्या हातात मजुरी ठेवत असे, माझ्याही. माझी इतरांपेक्षा जास्त होती, पण होती मजुरीच. आमच्यापैकी एकाचेही नाव कंपनीने विमा निधीत नोंदवले नव्हते.

जाड फळी आगीवर शेकून, साखळीने ओढून जहाजाच्या पोटाला वाकवत आणायची असते. ती साखळी गंजली होती. मी रुस्तामला सांगितले, बदला. तो म्हणाला, "दाएंग, साखळी म्हातारी झालीय तशी तुम्हीही झालायत. तुम्हाला बदललं का मी?" सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांनी कडी तुटली. वाकवलेली फळी उलटी उसळली ती माझ्या पाठीत बसली. जुमाइंग रांपे, माझा फळीवाला, वय एकोणतीस, त्याचा उजवा हात फळी आणि जहाजाच्या फासळीच्या मध्ये सापडला. तो मनगटाच्या वर कापावा लागला.

कलम ४. आता ज्या गोष्टीवरून गाव मला मूर्ख म्हणते ती.

जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात आमची तडजोडीची बैठक झाली. मला खाटेसकट नेले होते. अधिकारी भला माणूस, जावा बेटाचा, आमच्याकडे नवीन. त्याने सुरुवातीला सहज विचारले, "दाएंग, हे जहाज कोणाचं?"

मी म्हणालो, "माझं."

माझ्या खाटेला टेकून उभा असलेला जुमाइंग कानाशी कुजबुजला, "पुंगावा, गप्प बसा की हो."

"का गप्प बसू? जहाजाचा कणा मी कापला. बेंबी पाडेपर्यंत जहाज माझंच आहे."

कंपनीचा वकील इतका वेळ मोबाईल बघत होता. त्याने मान वर केली. "साहेब, हे जसंच्या तसं लिहून घ्या."

आमच्या किनाऱ्यावर जो कोणी हे वाचेल त्याला मी काय चुकीचे बोललो ते कळणार नाही. जहाज पाण्यात जाण्याच्या आदल्या दिवशी पुंगावा कण्याच्या बरोबर मध्यावर गिरमिटाने भोक पाडतो. ती बेंबी. तोवर जहाज पोटातले मूल, आणि त्याचा बाप पुंगावा. पैसे कोणाचेही असोत. माझे वडील असेच बोलत, त्यांचेही वडील असेच बोलत. मी खोटे बोललो नाही, आणि ते वाक्य मागे घेत नाही. पण शहरात त्याचा अर्थ असा लागला की मी ठेकेदार, जुमाइंग माझा नोकर. म्हणजे मला भरपाई नाही, आणि जुमाइंगच्या हाताची भरपाई मीच द्यायची, या घरातून.

मकास्सरच्या विनामूल्य वकील रोस्मिना बाई आल्या तेव्हा जुमाइंगच बोलला. "बाई, हे कंपनीवाले म्हणतात मी पुंगावांच्या घरावर दावा लावावा. मी काय जिना उचलून नेऊ? एका हाताने?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडानं कोण काय म्हणालं त्यापेक्षा मजुरी कोणी दिली, सामान कोणाचं, हुकूम कोणाचा, हे न्यायालय बघतं. तुमची बाजू मेलेली नाही. पण आता यापुढे सही कुठेही करू नका."

कलम ५. जुमाइंगसाठी, त्याला वाचता येत नाही म्हणून इर्वान्साने वाचून दाखवावे. विमा निधीत नाव नसले म्हणजे हक्क संपला, असे रुस्ताम सांगत फिरतो. ते खोटे आहे. नाव नोंदवले नसेल तर निधीने जेवढे दिले असते तेवढे काम देणाऱ्याने स्वतः द्यायचे, असा कायदा आहे. कार्यालयातली तडजोड फसली, म्हणून प्रकरण मकास्सरच्या कामगार न्यायालयात गेले. तिथे जाण्याला भिऊ नये. आपल्या मागणीला तिथे शुल्क पडत नाही, आणि बाईही पैसे घेत नाहीत. त्यांच्यासाठी घरचे नारळ न्यावेत, तेवढे त्या घेतात. सणासुदीला कोणी तांदूळ, कोंबडा, लिफाफा घेऊन आले तर तांदूळ घ्यावा, कोंबडा कापावा, आणि सोबतच्या कागदावर अंगठा देऊ नये. डावासुद्धा.

कलम ६. माझे वाकस, पटाश्या, मोगरी आणि वडिलांचे गिरमिट जुमाइंग रांपे यास द्यावे. तो वारस नाही आणि हे सगळे मिळून माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुष्कळ आत आहे, म्हणून कोणी हरकत घेऊ नये. गिरमिट फिरवायला दोन हात लागतात हे मला ठाऊक आहे. फिरवणारा हात कोणाचाही चालतो. बेंबी कधी पाडायची हे ज्याचे गिरमिट तो सांगतो, अशी चाल आहे. तेव्हा माझ्यानंतर त्या बाराव्या जहाजाचा बाप जुमाइंग. कंपनीने त्याच्या हाताची भरपाई चुकती केली त्या दिवशी त्याने बेंबी पाडावी आणि जहाज खुशाल जाऊ द्यावे. जहाजावर माझा राग नाही. ते चांगले झाले आहे. कणा बसवताना कापलेला त्याचा शेपटाकडचा तुकडा चालीप्रमाणे माझ्या घरी, जिन्याखाली आहे, तो तोवर तिथेच ठेवावा.

कलम ७. लांब करवत मी दुसरे पुंगावा दाएंग सिकी यांना आजच हातात दिली आहे, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आमचे सोळा वर्षे बोलणे नव्हते. कारण माझ्या सातव्या जहाजाला त्यांनी भर बाजारात "डुकराची न्हाणी" म्हटले होते. ते जहाज अजून तरंगते आहे, एवढे नोंदवून तो विषय संपवतो. गेल्या महिन्यात रुस्तामने त्यांना माझ्या जहाजाची बेंबी पाडायला बोलावले, दुप्पट मजुरी देऊ केली. ते आले. कण्यावरून हात फिरवला. म्हणाले, "काम सुबक आहे." मग रुस्तामला म्हणाले, "बाप जिवंत असताना दुसऱ्याच्या पोराची नाळ मी कापू? तुझ्या घरी असं चालतं का रे?" आणि तिथून सरळ माझ्या घरी येऊन कॉफी मागितली. आता या किनाऱ्यावर त्या जहाजाला हात लावणारा पुंगावा मिळणार नाही.

कलम ८. तुटलेली कडी. ती रोस्मिना बाईंकडे पुरावा म्हणून आहे. निकालानंतर आंदी रुस्ताम यास द्यावी. सोबत काही बोलू नये.

कलम ९. माझा मुलगा इर्वान्सा यास. कंपनीच्या वकिलाने सहीसाठी आणलेले पैसे मी परत पाठवले त्या दिवसापासून तू माझ्याशी नीट बोलत नाहीस. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही तर मरणारच आहात. आम्हाला तरी जगू द्या. त्यातलं थोडं जुमाइंगलाही देऊ." तुझी आई म्हणाली, "पाठ मोडली तरी यांची मान काही वाकत नाही." तुम्ही दोघेही चुकीचे बोलला नाहीत. घरात औषधाला पैसे नाहीत, हे मला खाटेवरून दिसते. मी गेल्यावर माझा दावा वारसांचा, म्हणजे तुमचा. तुम्ही तडजोड करायची ठरवलीत तर कायद्याने मी तुम्हाला अडवू शकत नाही. माझ्या हक्काचे हवे तर कमी घ्या. पण ज्या कागदात जुमाइंग माझा नोकर होता असे लिहिले असेल त्याला हात लावू नका. तो कागद त्याचा उरलेला हातही घेऊन जाईल.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांपुढे वाचून दाखवले, आणि सही केली.

बासो दाएंग मांगेम्बा (सही)

साक्षीदार: १. दाएंग सिकी, पुंगावा (सही)
२. मुहम्मद तायिब, मशिदीचे इमाम (सही)

स्थळ: बोंतो लेम्पे. शुक्रवार, २२ सप्टेंबर २०२३, जुम्म्याच्या नमाजानंतर.

सह्या झाल्यावर, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष पुढील मजकूर जोडतो. दाएंग सिकी म्हणाले, "त्या पैशांचा गावात जो तो वेगळा आकडा सांगतोय. कोणी म्हणतं दहा, कोणी म्हणतं शंभर. तुम्ही मेल्यावर अजून वाढेल. लिहून टाका." म्हणून लिहितो.

कंपनीच्या वकिलाने आणलेल्या कागदावर तीन वाक्ये होती: जहाज माझे, माणसे माझी, अपघाताची जबाबदारी माझी. खाली सहीची जागा. त्यातले पहिले वाक्य मी कार्यालयात न मागता, फुकट बोललो होतो. तेच बाकीच्या दोन वाक्यांसह सही करून द्यावे, यासाठी त्याने माझ्या उशाशी ठेवलेली आणि मी परत पाठवलेली, माझ्या पाच वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम: रोख, तीस कोटी रुपिया.