गैरहजर आणि शून्य

सर, आज ऑफिसात परत सगळे माझ्यावर हसले. शंभरेक फाइलींची नावं बदलायची होती, पाच मिनिटांचं काम, आणि मी त्यासाठी तुमची एमएल उघडून बसले. आकडा तो आकडा आणि अक्षर ते अक्षर, गल्लत दिसली की प्रोग्रॅम चालूच न देणारी ती हट्टी भाषा. शेजारची म्हणाली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सांगलीच्या कॉलेजात आम्ही तुमच्या पाठीमागे हेच म्हणायचो. इथं सगळ्यांना वाटतं, मी तुमची भक्त आहे. कसली भक्त! मी तुमच्याशी खोटं बोलले सर, आणि ते भोगलं दुसऱ्याच माणसानं.

नव्वदचं दशक संपत आलेलं, मी शेवटच्या वर्षाला. चाचण्यांचे गुण कॉलेजच्या ऑफिसातले अण्णा टाइप करून फ्लॉपीवर द्यायचे. पन्नाशीत कंप्युटर शिकलेला माणूस, एकेक की शोधून दाबायचा, पण त्याचा त्यांना केवढा अभिमान होता. बेरीज करून कमी पडणाऱ्यांची यादी काढायचं काम तुम्ही मला दिलंत आणि वर बजावलंत, लहान काम आहे म्हणून पर्लसारख्या ढिल्या भाषेत उरकू नकोस. पर्लला काहीही चालतं, हे तुमचं कायमचं दुखणं. मी हो म्हटलं.

दुपारची मी लॅबमध्ये बसलेय. फौजेतला दादा सुट्टीवरून दुसऱ्या दिवशी पलटणीत परत जाणार आणि माझी कडेगावची एसटी साडेपाचला. एमएल एकाच ओळीवर अडून बसलीय: इथं आकडा मिळालाच नाही तर काय करायचं, ते आधी सांग. दोनदा बदललं, तिसऱ्यांदा परत तेच. गुणांच्या यादीत आकडे नसतील तर काय असेल, माझं डोकं! सगळं बंद केलं आणि दहा मिनिटांत पर्लमध्ये लिहून मोकळी झाले. पर्लनं चकार शब्द काढला नाही. अण्णांनी गैरहजर मुलांपुढे 'एबी' लिहिलं होतं, ते पर्लनं निमूटपणे शून्य धरलं. मी यादी छापली, फ्लॉपी पुसून दुसऱ्या कामाला घेतली आणि एसटी गाठली. झालं का, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा म्हटलं, झालं, एमएलमध्येच.

गैरहजर मुलांना फेरचाचणी मिळायची. शिरवळची एक मुलगी काविळीनं घरी होती, ती नापासांत गेली आणि तिचे वडील प्राचार्यांसमोर येऊन उभे राहिले. तुम्ही मला आणि अण्णांना घेऊन तिथं गेलात. यादी बघितलीत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "प्रोग्रॅम हिनं एमएलमध्ये लिहिलाय. विचारल्याशिवाय ती भाषा गैरहजराला शून्य धरूच देत नाही. चूक टाइप करतानाच झालीय."

अण्णांनी तुमच्याकडं बघितलं. "आवं सर, मी शून्य कवा टाकला? गैरहजरच लिवलं हुतं."

मी दारापाशी ओढणी सारखी करत राहिले. त्या मुलीला फेरचाचणी मिळाली. अण्णांना कंप्युटरवरून काढून होस्टेलच्या कोठीवर पाठवलं, निवृत्तीपर्यंत तिथंच. मी होस्टेलला राहणारी, रोज समोरून जायचे. ते विचारायचे, जेवलीस का गं पोरी?

तुम्ही आजारी असताना मी साताऱ्याला तुमच्या घरी आले होते, ते हेच सांगायला. वाटेत गाडी बदलताना वाक्यं जुळवली होती. तुम्ही काकूंना सांगितलंत, "एवढ्या वर्षांत ही एकच निघाली, काम लहान म्हणून टाळाटाळ न करणारी." काकूंनी पोहे पुढं ठेवले. मी खाल्ले, तुमच्या पाया पडले आणि निघाले. महिन्याभरात तुम्ही गेल्याचं कळलं.

तेव्हापासून चार ओळींचं कामसुद्धा मी तुमच्याच भाषेत करते. प्रेमबीम काही नाही, धास्ती आहे. ती अडवते तेव्हा अजून तितकाच राग येतो, आणि लगेच अण्णा आठवतात. आजही असंच झालं, म्हणून घरी आल्यावर जेवण तसंच ठेवून लिहायला बसले.

लिहून मोकळं वाटेल म्हटलं होतं, पण कशाचं काय. अण्णा अजून आहेत, सर. पंचाहत्तरी ओलांडलीय, गावीच असतात, पत्ता माझ्या वहीत आहे. हे सगळं लिहायचं होतं ते त्यांना. तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.