त्याच्या आईला सांगू नका

सोमवार, ३ नोव्हेंबर
कोलशेतच्या कार्यशाळेत पुन्हा तेच! तरुण मुलं हिंसक टोळ्यांकडे कशी ओढली जातात यावर वीस वर्षं अभ्यास केलाय मी. दुसऱ्याच स्लाईडला आयोजक साहेब म्हणाले, "मॅडम, आपल्या पोरांचं कशाला? 'त्या' वस्तीतलं सांगा ना." आणि मी सांगितलं. शाल घेऊन डोंबिवलीला परत. लाज वाटली.

अशा मुलांच्या घरच्यांसाठी आम्ही चालवतो त्या हेल्पलाईनची पत्रकं घरी गठ्ठ्याने पडून. सासूबाई डब्यांखाली घालतात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
अखेर एक फोन आला! फोन माझी सहकारी सेरेना हेडफोन लावून घेते, ऐकलेलं कागदावर उतरवते, मी मागून उत्तरं सुचवते. नाव विचारायचं नाही, हा नियम माझाच.

एक आजी होत्या. नातू दार लावून व्हिडिओ बघतो. "त्यांना धडा शिकवायचा" म्हणतो. रविवारी कुठे तरी लाठी शिकायला जातो. आणि शेवटी म्हणाल्या, "त्याच्या आईला सांगू नका हां. ती ऐकून घेत नाय, भाषण देते." सेरेना नि मी खूप हसलो. अशा आया चिक्कार पाहिल्यात!

कळवलं — वाद घालू नका. आवडीचं खायला करा. त्यालाच जमेल असं काम सांगा.

शनिवार, ८ नोव्हेंबर
सासूबाईंनी माझ्या लेकासाठी, नयनसाठी, पुन्हा अळूवडी केली. "किती लाडावताय!" मी म्हटलं. त्यांनी त्याच्या ताटात आणखी दोन वाढल्या. नयनलाही झापलं — परीक्षा तोंडावर आणि हा दर रविवारी टिटवाळ्याला मित्रांकडे! तो मोबाईलमधून मान वर काढेल तर शपथ.

मिक्सर बंद पडलाय. नवा घेऊ म्हटलं तर सासूबाई नको म्हणतात.

बुधवार, १२ नोव्हेंबर
आजींचा पुन्हा फोन. या रविवारी पोरं दांडके घेऊन कल्याणला जाणार आहेत. नातूही. पोलिसांचं नाव काढताच आजी रडायला लागल्या. सेरेनाला शब्द न् शब्द सांगितला — त्याला म्हणा, "आज थांब. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

आईला काही पत्ताच नाही! त्या बाईला शोधून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

रविवार, १६ नोव्हेंबर
नयन बूट घालत होता. सासूबाईंनी मिक्सर आणून त्याच्यापुढे ठेवला. "आज थांब रे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी.

नयनने बूट काढले. स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी दिला. तोंड उघडलं नाही.