करंजाच्या वलांडीमागची चोरटी

पनवेल, ६ जानेवारी १९९१

चि. चारुतास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या चोरटीस तूर्त एकही नाही.

पत्र मिळालं. तू लिहितेस की तुझी चोरटी राक्षसाची पाठ वळताच डोक्यावरून कोळणीची शाल ओढून, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीमागे लपली. लपता येत नाही. तू वसतिगृहातून पाठवलेलं ते आपल्या खेळाच्या नियमांचं इंग्रजी झेरॉक्स पुस्तक मी, मॅट्रिकपर्यंतचा माणूस, शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं आहे. लपायला दोन गोष्टी लागतात. शत्रूची नजर नसावी, आणि आडोसा असावा. पहिली तुझ्याकडे आहे, दुसरी नाही. बोंबील लटकतात, मध्ये फटी असतात, फटीतून उजेड येतो. शाल म्हणजे आडोसा नव्हे. तेव्हा राक्षस वळला की तू समोर, आणि तुझ्या अंगात जीव उरलाय तीन गुणांचा. त्याचा एक फटका सहाचा.

चौदा महिने टपालाने जगवलेलं पात्र जातंय याचं मलाही वाईट वाटतं. पण मेलेला परत येत नाही, हा नियम आपण दोघांनी सही करून ठरवला आहे. आठ दिवसांत दुसरा काही उपाय कळव.

मामी बरी आहे. मी राक्षस झालो की चहा देत नाही.

लोभ आहेच, नियमांवरचाही वाढू दे.
तुझा मामा, प्रभाकर

*

पुणे, ११ जानेवारी १९९१

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

उपाय वगैरे काही नाही, भांडण आहे. तुम्ही नकाशे काढणारे, गटाराचा उतारसुद्धा पट्टी लावून बघता. वलांडी कधी पाहिली आहे का? मी कॉलेजच्या सहलीत करंजाला पाहिली. बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून, इतके दाट टांगलेले असतात की मागे आमचे सर उभे होते ते आम्हाला अर्धा तास दिसले नाहीत. (आम्ही शोधलंही नाही, ते सोडा.)

न पाहिलेल्या जागेवर निकाल देऊन माझ्या चोरटीला मारलंत तर मी खेळ सोडते. खरंच सोडते. परवा खोलीतल्या मुली म्हणाल्या, काल्पनिक बाईसाठी रडतेस? मी म्हटलं, हो.

मामींना नमस्कार. चहा देऊ नका म्हणावं.

माया आहे तेवढीच ठेवा, न्याय मात्र जास्त द्या.
चारुता

*

पनवेल, २० जानेवारी १९९१

चि. चारुतास अ. उ. आ.

आज रविवार. सकाळच्या एस.टी.ने तुझ्या शोभामामीला घेऊन करंजाला गेलो. सोबत फूटपट्टी, टेप, वही. आपण न खाणारे, त्यामुळे वासाबद्दल लिहीत नाही.

प्रयोग असा ठरला: मी पाठ करून साठ अंक मोजायचे, शोभाने गुलाबी शाल पांघरून लपायचं, मी वीस पावलांवरून शोधायचं. मोजून वळलो. पहिली रांग, काही नाही. दुसरी, काही नाही. फटी आहेत, हे मी वहीत लिहिलं; पण बोंबील वाऱ्यावर हलतात आणि फट एका जागी राहत नाही, हेही लिहावं लागलं. इथे मी हरलो. आडोसा मान्य.

तिसऱ्या रांगेत गुलाबी शाल दिसली. मी विजयाने ओरडलो, शोभा, सापडलीस! शाल वळली. आत ठमाबाई नावाची कोळीण. तिने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "नाव चुकलं, भाऊ. राज तुमच्यावरच हाय."

तेवढ्यात माझ्या पाठीत असा धप्पा बसला की चष्मा बोंबलांत गेला. दोघींनी शालींची अदलाबदल केली होती. सगळ्या कोळणी हसत होत्या. माझ्या हुद्द्याचा माणूस, काय सांगू.

परतीच्या गाडीत पळस्प्यापर्यंत मी विचार करत होतो. घरी येताच डबा काढला, फाशांऐवजी तांबोल्याच्या नव्वद सोंगट्या आणि मी कापलेल्या दहा, एक ते शंभर, आणि तुझ्या लपण्याची सोंगटी काढली. पुस्तकाप्रमाणे एक्केचाळीस किंवा खाली हवी होती. अडुसष्ट आली. म्हणजे राक्षसाला तू दिसलीस.

रडू नकोस, पुढे वाच. नवा नियम केला आहे, पुस्तकात नाही, माझा आहे: दिसणं वेगळं, सापडणं वेगळं. राक्षसाला शाल दिसली. त्याने ओळखली कोळीण. पाठ फिरवून पुढे गेला.

आता तू ठरव. पळून जा, जीव वाचेल. किंवा मागून वार कर: सोंगटी एक्केचाळीसच्या आत आली तर राक्षस मेला, वर गेली तर तो वळेल आणि तुला नावानिशी ओळखेल. मग मी दया करणार नाही.

आशीर्वाद पुरून उरोत.
मामा

*

पुणे, २४ जानेवारी १९९१ (पोस्टकार्ड)

ती. मामांस सा. न.

वार. सोंगटी मामींनी काढायची, तुम्ही नाही.

अक्षर घाईचं, लोभ स्थिर आहे.
चा.

*

पनवेल, २८ जानेवारी १९९१

चि. चारू, मामीचे भरभरून आशीर्वाद.

यांचं सविस्तर पत्र आराखड्यासकट मागून येईल, चार पानं झाली आहेत. मी आधी टाकते.

तुझं कार्ड आलं तेव्हा हे जेवत होते. हात धुतले, डबा माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले. राक्षस यांचाच, आणि तो मरावा म्हणून हातही यांनीच जोडले. मी सोंगटी काढली. चाळीस. मी नुसतं चाळीस म्हटलं, तर हे इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारचे महादेवराव धावत आले, कोणाचं लग्न ठरलं म्हणून विचारायला. यांनी त्यांना पेढा दिला आणि गंभीरपणे सांगितलं की आमच्या चोरटीने राक्षस मारला. महादेवराव पेढा खाऊन गेले. घरी काय सांगितलं असेल देव जाणे.

आता माझं एक काम. पुढच्या पत्रात तुझ्या चोरटीला बाजारात एक बाई भेटू दे. तिच्या चाली मी तुला लिहीन, तू आपल्या म्हणून यांना कळव. मामांना मला शोधायला साठ अंक नाही, साठ पत्रं देणार आहे.

माया कमी करू नकोस, आणि माझं नाव घेऊ नकोस.
तुझी मामी, शोभा