एकट्याची साक्ष

३ नोव्हेंबर

चिमणे, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. वही देताना पहिल्या पानावर तू ठसठशीत लिहिलंस, ‘बाबा, रोज लिहा, आळस नको’, आणि इथे येऊन आठवडा लोटला तरी मी पेन उघडलं नाही. प्रवासात पाय सुजले, मग सर्दी झाली, मग चष्मा हरवला. चष्मा कपाळावरच होता, पण तो सापडेपर्यंत दिवस गेला. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, हसू नकोस. तू नोकरी करतेस त्या छावणीच्या दवाखान्यात फोन लागेल तेव्हा लागेल, म्हणून पानं फाडून पोस्टात टाकत जाईन. तुझं पहिलं पान तेवढं माझ्यापाशी ठेवीन.

जागा झकास आहे. बाईंनी खालची खोली दिली आहे. ऊन येतं, संडास जवळ. बाई म्हणजे लढायांचा इतिहास लिहिणाऱ्या. तुझ्याहून थोड्या मोठ्या असतील, आवाज मात्र इतका मऊ की सुई टोचण्याआधी डॉक्टर बोलतो तसा. पुलाच्या लढाईतलं कोणी जिवंत असेल तर कळवा, असं त्यांनी पेपरात छापलं आणि मी कळवलं. तूच म्हणालीस, जा बाबा, एकदाचं सांगून टाका. मला नि घरातल्या भिंतींना ते पाठ झालंय.

घरी गॅस बंद केला होता का, तेवढं मात्र आठवत नाही.

५ नोव्हेंबर

बाईंचं काम पाहून थक्क झालो. खोलीभर एक टेबल. त्यावर आमची नदी, आमच्या टेकड्या, आमचा पूल. टेकड्या पुठ्ठ्याचे थर चिकटवून उभ्या केलेल्या. जिवंतांच्या टाचण्या लाल, मेलेल्यांच्या पांढऱ्या. बाई सकाळी चहा घेऊन उभ्या राहतात त्या जेवणापर्यंत. एक हात कमरेवर, एका हातात भिंग. त्या दिवशी पाऊस किती झाला होता, ऊन कोणाच्या डोळ्यांवर होतं, नदीला ओढ किती, सगळं त्यांनी शोधून ठेवलंय. माझे बूट ओले होते का, हेही विचारलं. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं गं.

मी सगळं सांगितलं. माझ्या तुकडीतल्या लंब्याने मला पुलाखाली ढकललं आणि स्वतः वर राहिला. तोफगोळ्याच्या कपच्याने माझी करंगळी नेली. मी वाहत गेलो. खालच्या अंगाला पिठाच्या गिरणीवाल्याने केस धरून ओढून काढलं. त्याचीच मुलगी पुढे तुझी आई झाली. बाईंनी माझी वाट नदीच्या कडेने पेन्सिलीने आखली, शेवटी एक लाल टाचणी टोचली. हे तुम्ही, म्हणाल्या. पेन्सिल म्हणजे ऐकीव, शाई म्हणजे पक्कं. एकट्याने सांगितलेलं त्या शाईने लिहीत नाहीत. दुसऱ्या कोणाचं जुळलं पाहिजे.

स्वयंपाकाच्या मावशी फटकळ आहेत. म्हणाल्या, सांभाळून हो आजोबा, आमच्या बाईंचं मेलेल्यांशी छान जमतं, ते मध्ये बोलत नाहीत ना!

९ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं. गिरणीवाल्याची साक्ष कोण देणार, असं बाईंनी विचारलं. तो मेला. तुझी आई गेली. गिरणी पाडली. मग हे राहू दे, म्हणाल्या, आणि माझ्यासमोर खोडरबराने गिरणी खोडली. वर फुंकर मारली. माझ्या सासऱ्यावर फुंकर!

आणि संध्याकाळपासून माझा पितळी पेला सापडत नाही. त्याच सासऱ्याने दिलेला, मी जन्मभर ज्यातून पाणी प्यालो तो. मावशींना बोललो, चढ्या आवाजात बोललो. त्या म्हणाल्या, कसला पेला? पहिल्या दिवसापासून तुम्ही आमच्या काचेच्या ग्लासातून पिताय, डोकं जागेवर आहे ना? वर म्हणाल्या, माझ्यावर आळ घेण्याआधी चष्मा कपाळावरून खाली घ्या.

चोर माणसं. उद्या निघतो.

१० नोव्हेंबर

निघालो नाही. कशाला निघू? मी पळालो की बाई म्हणणार, बघा, खोटा होता. शाईने लिहून घेतल्याशिवाय हलणार नाही.

तुला पान टाकलंय. मिळालं का?

१३ नोव्हेंबर

चहाला एक निवृत्त कॅप्टनसाहेब आले होते. इस्त्रीचा कोट, कुबडीसारखी छत्री. त्या दिवशी हे महाशय पलीकडच्या टेकडीवर होते. दुर्बीण घेऊन! बिस्कीट चहात बुडवत सांगतात, पुलावरून कोणीही बाहेर आलं नाही, मी स्वतः पाहिलं. शत्रूच्या एका तोफवाल्यानेही म्हणे तिकडे तेच सांगून ठेवलंय. दोघांचं जुळलं. बाईंचा चेहरा असा उजळला, जशी काय मुलगी पास झाली.

मी उठून ओरडलो, अहो, मी तुमच्यासमोर बसलोय! पुलाखाली काय झालं ते टेकडीवरून दिसतं का? दुर्बिणीत मावलं नाही ते झालंच नाही का? साहेबांनी माझ्याकडे कुत्रं भुंकल्यासारखं पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, आजोबा, समोर बसलेला माणूस तोच आहे, हे कशावरून?

मी डावा हात त्यांच्या नाकासमोर धरला. म्हटलं, ही करंगळी बघा. ही नाहीये, ती बघा!

बघितली, म्हणाल्या. कापली कुठे ते बोट सांगत नाही. आणि पेन्सिलीने लिहिलेला ‘करंगळी’ हा शब्दही खोडला.

१४ नोव्हेंबर

चिमणे, घाबरू नकोस. मी नीट झोपलो होतो, नीट उठलो. तोंड धुवायला हात पाण्यात घातले आणि—

करंगळी आहे.

जुनी सुरकुतलेली नाही. तरण्या पोराची आहे, गुलाबी, नखासकट. माझ्या हातावर दुसऱ्याचं बोट बसवावं तशी. चिमटा काढला तर दुखतं. बाईंना दाखवलं, हे काय केलंत म्हणून ओरडलो. त्या भिंगातून नकाशा बघत राहिल्या. मावशी म्हणाल्या, हात धडधाकट आहे की, उगाच कशाला कांगावा?

लहानपणी तू माझ्या त्याच बोटाचा खुंट मुठीत धरून झोपायचीस. मग तेव्हा तू काय धरून झोपायचीस?

१६ नोव्हेंबर

तुझा नंबर लावला. आधी नुसता लागायचा नाही. आज एक बाई बोलली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. तिला शिव्या घातल्या. ती तेच तेच बोलत राहिली.

तडक बाईंकडे गेलो. विचारलं, दुसरा साक्षीदार म्हणून माझी मुलगी चालेल का? त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तिने स्वतः लिहून कळवलं तर पेन्सिलीचं शाईत करीन. पण पुस्तक थांबणार नाही.

ऐकलंस? तू लिही. आजच लिही.

१७ नोव्हेंबर

पहिलं पान कोरं आहे. तुझी ओळ नाही. उजेडात धरून पाहिलं. पेनाचा दाबही नाही.

बसथांब्यावर उभा राहिलो, म्हटलं स्वतःच तुझ्याकडे येतो. बस आली. हात केला. ड्रायव्हरने माझ्यातून पलीकडे पाहिलं आणि गेला. मेल्या, डोळे फुटले का तुझे! कोणी वळूनही पाहिलं नाही.

ताट वाढलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर

सकाळी बूट ओले. घरात पाणी कुठे सांडलेलं नाही. बुटात नदीचा गाळ. तो वास मी ओळखतो.

बाईंच्या टेबलाच्या खोलीत शिरलो. कोळशाने माझी वाट टेबलावर परत काढली, जाड, काळी, पुलापासून खाली गिरणीपर्यंत. पुसा आता!

बाई आल्या. मी समोर उभा. त्या मावशींना म्हणाल्या, हे कोणी घाण केलं? ओलं फडकं मागवलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी नुसती शाल ओढून घेतली, गारवा लागल्यासारखी.

रागही आला नाही गं त्यांना. माझ्यावर रागवायलासुद्धा कोणी उरलं नाही.

१९ नोव्हेंबर

खोकल्यातून पाणी येतं. माती येते.

लंब्याने मला ढकललं होतं. त्याचा हात पाठीवर अजून— तो खोटा कसा असेल? त्याला तरी विचारा. तो पांढरी टाचणी आहे. त्याचं सगळं पक्कं आहे, शाईत. मेला म्हणून त्याचं खरं. मी जगलो हाच माझा गुन्हा काय, बाई?

तुझा चेहरा आठवतोय. डाव्या गालावर तीळ. की उजव्या—

२० नोव्हेंबर

टेबलाशी बसून लिहितोय. बाई समोर आहेत. शाईची बाटली उघडली. लाल टाचणी उपटून बशीत टाकली. पांढरी घेतली आहे. पुलावर कुठे टोचावी, ते भिंगातून बघतायत.

गुडघ्यापर्यंत पाणी. वहीला लागू देणार नाही. वही वर धरलीय.

मला माझ्यासाठी काही नको. मी म्हातारा, गेलो तर गेलो. पण मी त्या पाण्यातच राहिलो तर तुझी आई गिरणीत एकटी— मग तू—

एक ओळ पुरे, चिमणे. बाबा परत आले, एवढंच. तुझ्या हाताने. पोस्टमन आला की मी दारात— अजून टोचलेली नाही, बाईंचा हात वर आहे. ऐकू येतंय ना? तू आहेस एवढं कळव. लवकर कळव, पोरी, लवकर क—