पोलग्लेजकाकूंचं खुराडं

रिचमंड, मेलबर्न
१२ ऑक्टोबर १९०९

प्रिय एडीताई,

बेंडिगोत सगळे बरे आहेत ना? आईचा खोकला काय म्हणतो? इकडे मी मजेत. घरमालकीण रोज मटणच वाढते आणि मी रोज तिला छान झालंय म्हणतो. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

उपांत्य सामन्यानंतर फुटबॉलबद्दल एक ओळ का लिहिली नाहीस, असं तू विचारलंस. आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलात चेंडू हाताने झेलायचा, तसा उंच चेंडू झेलायला उडालो, कुणाचं तरी कोपर लागलं, डोळा सुजला, हे तुला ठाऊकच आहे. सूज कधीच उतरली.

आता क्रिकेट सुरू झालंय. पहिल्याच सरावाला माझा पुन्हा पुन्हा त्रिफळा उडाला. पोरं म्हणाली, "लेस, बॅट घरी विसरलास की काय?" मीही हसलो. खोलीवर येऊन मात्र रडलो. ताई, सूज उतरली, पण डाव्या डोळ्याला काहीच दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, आता दिसणारही नाही. फुटबॉल कायमचा संपला. आईला सांगू नकोस, मी येऊन सांगेन.

उजव्या हाताने खेळायला उभं राहिलं की डावा खांदा पुढे येतो, म्हणजे बोलरकडे नेमका आंधळा डोळा. चेंडू नाकाशी आला की कळायचा. क्रिकेटही सोडायचं आणि बाबांसारखं खाणीत उतरायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

मग आपलं परसदार आठवलं. रॉकेलच्या डब्याचा स्टंप आणि बोलर तू. माझा प्रत्येक फटका शेजारच्या पोलग्लेजकाकूंच्या खुराड्यावर! कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं, तेव्हा तू फर्मान काढलंस, "लेस डाव्या हाताने खेळेल, नाहीतर खेळणारच नाही." केवढं भोकाड पसरलं होतं मी! पण पुढे सगळा उन्हाळा तसाच खेळलो.

दुसऱ्या दिवशी सरावाला डावखुरा उभा राहिलो. कप्तान डन्स्टन ओरडला, "अरे ट्रेविन, आरशात बघून उभा राहिलास की काय?" पण आता उजवा डोळा पुढे होता. बोलरच्या हातातून सुटल्यापासून चेंडू दिसत होता. बरेच हुकले. मग एक बॅटवर बसला, आणि मग बसतच गेले.

लपवून खेळणं काही मला जमेना. कप्तानाला खरं सांगून टाकलं. तो मिशी ओढत राहिला, मग म्हणाला, "शनिवारी अकरात आहेस. पण डोळ्याचं कुणाला बोलू नकोस. नाहीतर शून्यावर बाद होणारा जो तो एक डोळा मिटून परत येईल."

शनिवारी येशील? फार धडधडतंय गं. पहिल्याच चेंडूवर बाद झालो तरी चालेल, पण तू तिथे हवीस. मी मैदानात उतरेन तेव्हा फाटकापाशी माझ्या उजव्या हाताला बस. डावीकडे बसलीस तर मला दिसणार नाहीस.

तुझा, आता कायमचा डावखुरा,
लेस