बाबा ड्युटीवर नव्हते

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि तुमची सुमी आज लिहायला बसलीय. कारण माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, तुमचाच आजार झालाय. गुदाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता किमो आणि रेडिएशन चालू आहे.

परवा संडासापर्यंत पोचायच्या आत त्यांचा लेंगा खराब झाला. मी फडकं घेऊन वाकले तर म्हणाले, "सूनबाई, बाहेर जा गं तू. स्वतःच्या बाबांचं तरी असं कधी पाहिलं नसशील."

पाहिलं होतं ना, बाबा! चाळीच्या गॅलरीतून टोकाच्या संडासाकडे पळणारे तुम्ही. तोंडभर फोड, गार दहीभातही झोंबायचा. रेडिएशनने खालची कातडी अशी भाजली होती की खुर्चीवर टेकता येत नव्हतं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस घरीही उभाच.

आणि मी काय केलं? हीच सासरची मंडळी मला बघायला डोंबिवलीला येणार, त्या रविवारी सकाळी तुम्हाला म्हणाले, "बाबा, तुम्ही शेजारी सावंतकाकूंकडे थांबाल? मध्येच उठावं लागलं तर... आणि वासही येतो."

आई माझ्यावर केवढी ओरडली! तुम्हीच तिला गप्प केलंत. "अगं, बरोबर बोलतेय ती. सांगा, ड्युटीवर गेलेत."

इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतात तुम्ही. तसेच गेलात.

अण्णांनी विचारलं, "वडील दिसत नाहीत?" उत्तर आईने नाही, मी दिलं.

काकूंनी नंतर सांगितलं, त्यांच्याकडे टीव्हीवर मालिका लागली होती, ती तुम्ही बंद करायला लावलीत. सुमीचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून! तासभर भिंतीला कान लावून उभे होतात. रागावला का नाहीत हो माझ्यावर?

लग्नात दोन दिवस उपाशी राहून कन्यादानाला बसलात. मी सगळ्यांना सांगितलं, पोट बिघडलंय. चार महिन्यांनी तुम्ही गेलात, तेव्हाही पोटाचंच निमित्त सांगितलं.

परवा अण्णांना स्वच्छ केलं आणि सगळं खरं सांगून टाकलं.  ते म्हणाले, "आम्ही पोहे खात होतो आणि ते पलीकडे उभे होते? त्यांना हाक तरी मारायचीस, पोरी."

माफी मागायला तोंड नाही मला. पण शब्द देते, बाबा. यापुढे तुम्ही कशाने गेलात असं कुणीही विचारलं, तर आजाराचं पूर्ण नाव घेईन. समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

तुमची,
सुमी